जपानी बापानं दार उघडलं नाही, ताई

एखादी गोष्ट खोटी आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, आणि त्याच खोट्यामुळे एका घराचं बंद दार उघडलंय. तर तुम्ही खरं सांगाल, की गप्प बसाल? वाचकहो, उत्तराची घाई करू नका. मी घाईनं दिलं होतं. ज्या बाईंना दिलं त्यांच्याशी ते भांडण मिटलं नाही, आणि त्या गेल्या. म्हणून पुढचं सगळं मी त्यांच्याशीच बोलणार आहे. तुम्ही शेजारी बसून ऐका.

शालूताई, शोकसभेत तुम्हाला ‘मनमिळाऊ’ म्हणाले. मी मागच्या रांगेत फिसकन हसले, तर आईनं कोपरानं ढोसलं. मनमिळाऊ बाई दर महिन्याला वाचनालयाच्या कमिटीशी भांडून वरचा हॉल मिळवते का? ‘स्पर्धा परीक्षावाल्या मुलांना जागा पुरत नाही’ असं कमिटीचे सावंतसर म्हणाले की तुम्ही म्हणायचात, “मग त्या मुलांनाही वर पाठवा. परीक्षेत जपान येतोच.” तुमचा जन्म, शिक्षण, निवृत्ती सगळं वाचनालयाच्या खालच्या फलकावर खडूनं लिहिलंय. ते मी इथे उतरवत नाही. टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी तेवढी सांगते, कारण तुमचा आवाज तिथून आला होता. चढत नसे, लांबत नसे, पण हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायचा.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी खिडक्यांना काळे कागद चिकटवायचे, भिंतीवर पांढरी चादर ताणायची आणि सिनेमा लावायचा. जपानीच का, तर एका जुन्या सभासदानं वाचनालयाला डिस्कचा खोका भेट दिला आणि तो सगळाच्या सगळा जपानी निघाला. कृष्णधवल, जुना, खाली इंग्रजी ओळी. त्या ओळी माझ्या आईला वाचता येत नाहीत. मांजर्लीच्या गणपतकाकांना येतात, पण वाचून होईपर्यंत ओळ निघून जाते. उल्हासनगरहून येणाऱ्या लाजवंती आंटी सिंधी वाचतात आणि गिऱ्हाइकाचं तोंड वाचतात, इंग्रजी नाही. म्हणून तुम्ही चादरीच्या डाव्या हाताला स्टुलावर बसायचात आणि ओळी मराठीत सांगायचात. म्हाताराही तुम्हीच, नवी नवरीही तुम्हीच. आवाज एकच, तरी कोण बोललं यात कुणाची गल्लत झाली नाही.

आणि तुमचा तो हट्ट. सिनेमा आधी बघायचा नाही. लोकांबरोबरच पहिल्यांदा बघायचा आणि बघता बघता सांगायचा. मी म्हटलं, ताई, एकदा बघून ठेवलंत तर अडखळणार नाही. तुम्ही म्हणालात, “आधी बघितलं की आवाज शहाणा होतो. रडणारा माणूस पुढं हसणार आहे हे आवाजाला आधीच कळतं, मग तो नीट रडत नाही.”

मी आईबरोबर पहिल्यांदा आले ती भांडायलाच. माझे बाबा कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटायचे. आमच्या घरी गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं जोडायला शिकले ती ‘कामगार बंधूंनो’ या दोन शब्दांवर. त्यामुळे तलवारी लावून फिरणारे सरदार आणि त्यांच्यापुढे कपाळ टेकणारी माणसं पडद्यावर दिसली तेव्हा मी अर्ध्यातच उभी राहिले. म्हटलं, ही सरंजामशाही आहे, आपल्याकडे काय कमी आहे म्हणून बाहेरून आणायची? तुम्ही ओळी सांगायच्या न थांबवता त्याच आवाजात म्हणालात, “सरदार म्हणतो, याला धरा. आणि प्रज्ञा, तू खाली बस, मागच्यांना दिसत नाही.” सगळा हॉल हसला. सिनेमा संपल्यावर मला चहा देत म्हणालात, “बघ आधी. मग काढ पत्रक.”

मी खरंच काढलं. दर महिन्याला एक पानाचं, आपल्या सिनेमाबद्दल. पुढच्या सगळ्या घोटाळ्यात ते पत्रक आहे, म्हणून सांगून ठेवते.

आता तो रविवार.

सिनेमा होता छत्र्या बनवणाऱ्या म्हाताऱ्याचा. कागदाच्या छत्र्या, बांबूच्या काड्या, डिंकाचं भांडं. मुलगा घर सोडून जातो आणि बापाला पसंत नसलेल्या मुलीशी लग्न करतो. बाप त्याचं नाव घरात घेऊ देत नाही. शेवटी बर्फ पडत असताना मुलगा परत येतो आणि सरकत्या दाराबाहेर उभा राहतो. आत बाप. त्याचा हात दाराकडे जातो.

आणि वीज गेली.

आपल्याकडे दुरुस्तीसाठी वीज शुक्रवारी जाते, हे तान्ह्या पोरालाही माहीत असतं. ती त्या दिवशी रविवारी गेली. अंधार. पंखे फिरत फिरत थांबले. कुणीही खुर्ची सरकवली नाही. आणि त्या अंधारात गणपतकाकांचा आवाज आला, “ताई, पुढं काय?”

गणपतकाका. आनंदनगरच्या कारखान्यात उभी हयात घालवलेला माणूस. घरी थोडी शेती होती, ती आता इमारतींखाली गेली. त्यांच्या मुलानं, महेशनं, बौद्ध मुलीशी लग्न केलं आणि तेव्हापासून काकांनी त्याचा उंबरठा ओलांडला नव्हता, त्यालाही आपला ओलांडू दिला नव्हता. मुलगा राहतो कुठं, तर शिरगावात. बदलापूरच्या पश्चिमेहून पूर्वेला जायचं, एवढंच. हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक होतं. काका माझ्या हातचा चहा प्यायचे, मला पोरी म्हणायचे, माझं पत्रक घडी घालून खिशात ठेवायचे, आणि माझ्याच समाजातली सून त्यांना चालत नव्हती. मी त्यांना एकदा तोंडावर विचारलं होतं. ते म्हणाले, “तुझी गोष्ट वेगली.” मी म्हटलं, “कशी वेगळी?” ते बशीत चहा ओतत राहिले.

तर त्यांनी विचारलं, पुढं काय. आणि तुम्ही, सिनेमा न बघितलेल्या तुम्ही, क्षणभरही न थांबता सांगायला लागलात. बाप दार सरकवतो. मुलाच्या खांद्यावर बर्फ. बाप काही बोलत नाही. मग विचारतो, “जेवलास का?” मुलगा मान हलवतो, नाही. बाप आत वळून दोन भांडी मांडतो. मग बाहेर अजून एक सावली उभी आहे हे त्याला दिसतं, आणि तो तिसरं मांडतो. संपलं.

ताई, मला तिथंच कळायला हवं होतं. कुठला जपानी बाप ‘जेवलास का’ विचारतो? पण तुमच्या आवाजात बर्फ पडत होता. आई डोळे पुसत होती.

आम्ही काळे कागद काढले, दुपारचं ऊन आत आलं, आणि चर्चा सुरू झाली. काय चर्चा! लाजवंती आंटी म्हणाल्या, “बाप इतना जल्दी पिघला कैसे? मेरा ससुर तो मरते दम तक नहीं पिघला. आणि हे जपानी लोग, चप्पल कितनी बार निकालते हैं, मेरे को तो देखके ही थकान आती है.” सावंतसर म्हणाले, तिसरं भांडं हे प्रतीक आहे. मी तर उभं राहून भाषण ठोकलं. म्हटलं, हा बापाचा मोठेपणा कशाला कवटाळता? मुलानं बाहेर ताटकळायचंच का? दार उघडणं म्हणजे उपकार झाला का? ती तिसरी सावली कोण आहे, तिला नाव का नाही? मी लाल झाले होते. ज्या शेवटावर मी तुटून पडले होते, तो शेवट त्या सिनेमात नव्हताच. असं जगात दुसऱ्या कुठल्या चर्चामंडळाचं झालं असेल असं वाटत नाही.

काका त्या दिवशी चर्चेला थांबले नाहीत, जिना उतरून गेले.

पत्रकात शेवटचा संवाद शब्दशः द्यावा म्हणून मी डिस्क घरी नेली. लॅपटॉपवर लावली. मुलगा उभा आहे. बापाचा हात दाराकडे जातो. आणि बाप दिवा विझवतो. एवढंच. सकाळी तो झाडू घेऊन बाहेर येतो आणि अंगणातल्या बर्फात उमटलेली पावलं झाडून टाकतो. एक एक पाऊल. मग आत जाऊन छत्रीला डिंक लावतो. एकही संवाद नाही.

मी तशीच तुमच्या घरी आले. तुम्ही वाल सोलत होतात. मी चप्पलसुद्धा नीट काढली नव्हती.

“ताई, तो दार उघडत नाही.”

“कोण?”

“म्हातारा. तो दिवा विझवतो. आणि पावलं झाडतो.”

तुमचे हात थांबले. “झाडतो? झाडूनं?”

“हो.”

“अगं बाई,” तुम्ही म्हणालात, आणि कौतुकानं म्हणालात. “काय पण शेवट काढलाय.”

मी ओरडले. म्हटलं, तुम्हाला कौतुक कसलं सुचतंय, तुम्ही लोकांना खोटं सांगितलंत! तुम्ही म्हणालात, मला काय ठाऊक तो उघडत नाही? मला वाटलं उघडेल. मी म्हटलं, मग ‘मला माहीत नाही’ म्हणायचं. तुम्ही म्हणालात, जपानात मूकपटांच्या काळी असंच एक माणूस पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगायचं, आणि तीही माणसं पदरचं घालायचीच. मी म्हटलं, ताई, ज्यांना वाचता येतं त्यांनी न वाचणाऱ्यांना आपल्या सोयीचं सांगायचं, हेच तर आमच्याशी पिढ्यान्‌पिढ्या झालं. पोथीत काय लिहिलंय ते पोथीवाल्यांनीच सांगायचं. माझ्या आईला त्या सिनेमात काय आहे हे कळण्याचा हक्क आहे. तो हक्क तुम्ही मारलात, आणि गोड आवाजात मारलात.

तुम्ही पुन्हा वाल सोलायला घेतलेत. मग म्हणालात, “हे खरं आहे.” आणि मग, “पण काकांनी विचारलं होतं गं.”

“म्हणून?”

“आयुष्यभर मी असंच केलं. इकडून कुणी विचारलं की तिकडची लाइन जोडायची. लागली नाही तर नाही. पण जोडून बघायची.”

त्यावर मी जे म्हणाले ते आजही म्हणते. म्हटलं, एक्स्चेंजमध्ये तुम्ही पलीकडच्या माणसाच्या वतीनं बोलत नव्हतात. वाटीभर सोललेले वाल माझ्याकडे सरकवून तुम्ही म्हणालात, पुढच्या सभेत मीच सांगते सगळ्यांना. तोवर थांब. मी थांबले. त्या महिन्यात पत्रक निघालं नाही.

पुढच्या सभेत तुम्ही तोंड उघडायच्या आत काका उठले. सिनेमा सुरू व्हायचा होता, लोक खुर्च्या मांडत होते. काका म्हणाले, “मी शिरगावला जाऊन आलू.” सगळे थांबले. “बेल वाजवली. सुनंनं दार उघडलं. मीच बाहेर उभा, उलटाच झाला सगला. ती काय बोलली नाय. पाणी दिलं. प्यायलू.”

बस, एवढंच. लाजवंती आंटींनी त्यांच्या पाठीवर धपकन थाप मारली आणि म्हणाल्या, “अभी रोने का नहीं, पिक्चर चालू होने का है.”

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही स्टुलावर बसलात आणि खाली मान घालून चष्मा पुसत राहिलात. माझ्या पत्रकांनी, माझ्या तोंडावर विचारलेल्या प्रश्नांनी जे झालं नाही, ते तुमच्या अंधारातल्या थापेनं झालं होतं. आणि तेही माझ्या बाजूचं! माझ्याच समाजातल्या एका बाईच्या हातचं पाणी. ताई, या गोष्टीचा मला आनंद झाला आणि त्या आनंदाचा मला संताप आला. दोन्ही अजून उतरलेलं नाही.

जिन्यात मी विचारलं, “आता सांगणार?” तुम्ही म्हणालात, “आता सांगितलं तर?” मी म्हटलं, “आता नाही सांगितलं तर?” खालून सावंतसर कुलूप वाजवत होते. तुम्ही म्हणालात, “पुढच्या वेळी बोलू, प्रज्ञा. दोघी मिळून ठरवू.”

पुढची वेळ आलीच नाही. तुम्ही झोपेतच गेलात, असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या. भांडण उघडं ठेवून असं जातं का कुणी? मला तुमच्याकडून हरायचं होतं किंवा तुम्हाला हरवायचं होतं, दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. हे अधांतरी चालत नाही. मी बसल्या जागी पाय हलवत राहते. आई म्हणते, पाय हलवू नको, घरात भांडणं होतात. मी म्हणते, होऊ देत की, होतच नाहीयेत.

शोकसभेच्या शेवटी सावंतसरांनी विचारलं, ताईंच्या आठवणीत काय करायचं? काका पुन्हा उठले. म्हणाले, “तोच लावू. छत्रीवाल्याचा. लाइट गेली होती, शेवट डोल्यांनी बघायचा रायला.” सगळ्यांनी माना डोलावल्या. ओळी कोण सांगणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, आता सांगणारं कशाला, ज्यांना वाचता येतं ते वाचतील, बाकीचे चित्र बघतील. माझी आई, जी सभेत कधी बोलत नाही, ती म्हणाली, “बाकीचे म्हणजे मी.” आणि मी हो म्हटलं.

म्हणजे येत्या रविवारी तुमच्या स्टुलावर मी असेन, समोर काका असतील, आणि म्हातारा पावलं झाडत असेल. तिथं एकही ओळ नाही, त्यामुळे मला सांगायलाही काही नाही. मी गप्प बसले तरी सगळं कळणार. पडद्यावरच्या झाडूला तुम्हीही थांबवू शकला नसतात.

तेव्हा मी ठरवलं. अंधारात, माणसांच्या गर्दीत, आपल्या आवडत्या ताईनं आपल्याला बनवलं हे काकांना कळता कामा नये. हा मजकूर पत्रकात छापायला द्यायच्या आधी मी मांजर्लीला गेले. काकांच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ आहे, टीव्ही तिच्याही वर फळीवर ठेवलाय. मी सगळं सांगितलं. दिवा, झाडू, पावलं. तुमचं अंधारातलं सांगणं आणि माझं गप्प बसणं.

काका फळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे जपान्यानं उघडलाच नाय?”

“नाही.”

“मग येडाच हाय तो.”

मला हसू आलं. मला वाटलं, झालं, मिटलं. पण काका हसत नव्हते. म्हणाले, “तुला ठाव होता. मी पाण्याचा सांगत होतो तवा तुला ठाव होता, न् तिलापन. दोघी माझ्या तोंडाकडं बघत होतात.” मी हो म्हटलं. “मला वाटला, तो बाप करू शकतो तर मी का नाय. तो तर नाय करू शकला.” आणि मला विचारलं, “मग केला कुणी?”

“तुम्ही,” मी म्हटलं.

त्यांनी ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. निघताना विचारलं, रविवारी येणार ना? “बघू,” म्हणाले. महेशला, सुनेला घेऊन या, म्हटलं. “बघू म्हटला ना पोरी.” दार त्यांनी लावून घेतलं. जोरात नाही, पण लावलं.

म्हणून ताई, मला माहीत नाही मी बरोबर केलं का. खरं सांगायचंच होतं, आणि ते अंधारात नव्हे, उजेडात सांगायचं होतं, एवढं मी आजही ठामपणे म्हणते. पण त्या दिवशी काकांनी विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे खरं उत्तर होतं का? ‘मला माहीत नाही’ हे उत्तर मी दिलं असतं आणि काका तसेच घरी गेले असते. तुमचं उत्तर खोटं होतं आणि ते चालत शिरगावला गेलं. या दोन वाक्यांच्या मध्ये मी अडकले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “अडकलीस ना? बरं झालं. आता नीट सांगशील.”

मी तो सिनेमा आधीच बघून बसले आहे. माझा आवाज शहाणा झालाय. तुमचा नियम माझ्याकडून मोडला आणि तो परत जोडता येणार नाही. तुमच्याकडून मिळालेलं बाकी सगळं मात्र शाबूत आहे. मला भांडू दिलंत, आणि भांडून झाल्यावर दर वेळी चहा दिलात.

वाचकहो, आता तुमच्याशी. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, जिथून असाल तिथून येत्या रविवारी, म्हणजे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये या. ज्यांना त्या इंग्रजी ओळी वाचता येत नाहीत अशा एकाला तरी सोबत आणा, ओळी मी सांगेन. पहिल्या रांगेत गणपतकाकांची खुर्ची आहे. तिच्या शेजारी दोन खुर्च्या रिकाम्या ठेवा, त्यांवर पिशवी टाकू नका. म्हातारा शेवटचं पाऊल झाडेल, पडदा पांढरा होईल, दिवे लागायला थोडा वेळ लागेल. तेव्हा उठू नका. मी काही बोलणार नाही. तुमच्यापैकी कुणीतरी, कुणीही, मोठ्यानं विचारा, “पुढं काय?”